भोगीपासून मागं मोजा : शहरातल्या रानात हुरड्याचा दिवस कसा घडवायचा

शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कणसातला एक दाणा काढायचा आणि अंगठ्याच्या नखानं दाबायचा. पांढरं पाणी उडालं तर अजून आठ दिवस थांबा. दाणा नखाला दाद देत नसेल तर वेळ गेली, आता ते कणीस भाकरीचं. आणि कणकेसारखा मऊ, चिकट गोळा बाहेर आला की लोकांना निरोप धाडायला हरकत नाही. हुरडा म्हणजे ही कोवळी कणसं निखाऱ्यावर भाजून काढलेले दाणे, आणि आमच्या रानातल्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची, हुरड्याच्या दिवसाची, तारीख अशी नखावर पक्की होते.

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला, दोन अपार्टमेंट आणि एक गोठा यांच्या मधे आमचं 30 गुंठ्यांचं रान आहे. वीस घरं मिळून तिथं माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवतो. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणाचं उद्यमनगरात वर्कशॉप. शहरात अशी जागा धरून ठेवायची तर आजूबाजूच्या माणसांना ती आपली वाटली पाहिजे, नाहीतर उद्या कुणी त्यावर प्लॉट पाडले तरी कुणाला काही वाटणार नाही. म्हणून आम्ही कार्यक्रम करतो. पण मंडप, जेवण, फोटो आणि मागं कुठंतरी हिरवं दिसतंय, अशा कार्यक्रमाला रान कशाला हवं? तो कुठल्याही हॉलवर होतो. रानातला सण रानातल्या कामातून आणि पिकातून उगवावा लागतो, आणि त्याची तयारी जेवणाच्या यादीच्या फार आधी, बियाण्याच्या पिशवीपासून सुरू होते.

सण कुठला, हे रानाला विचारा

कोल्हापुरात सणांना तोटा नाही. पण माणसं रानात बोलवायची तर पाऊस, चिखल आणि पीक या तिघांचं आधी ऐकावं लागतं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पन्नास माणसं उतरली की वाफे तुडवून घट्ट होतात, आणि ते पुन्हा भुसभुशीत करायला पुढचा सगळा हंगाम जातो. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कधी चढेल सांगता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 चे महापूर बघितल्यावर आमचा नियम झाला: पावसाळ्यात मोठा कार्यक्रम ठेवायचा नाही, आणि ठेवलेला छोटा कार्यक्रमही पाणी इशाऱ्याकडे सरकायला लागलं की त्याच दिवशी रद्द करायचा. त्या वेळी आपली माणसं पाहुण्यांच्या घरातलं सामान हलवायला हवी असतात.

एप्रिल-मे उन्हाचा. राहता राहिले डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यातही आम्ही भोगीच्या जवळचा रविवार धरला. भोगी येते 13 जानेवारीच्या सुमाराला, आणि भोगीची भाजी म्हणजे रानाची हजेरीच: वांगं, गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, शेंगदाणे, बोरं. त्याच दिवसांत शाळू हुरड्यावर आलेला असतो आणि गुऱ्हाळं चालू असतात. सगळं एका तारखेला जुळून येतं.

रविवार नक्की करण्याआधी शाहू स्टेडियमवरचं फुटबॉल सामन्यांचं वेळापत्रक जरूर बघा. आपल्या पेठेचा संघ खेळत असेल तर तरुण पोरं येणार नाहीत, आणि आगटीच्या, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्याच्या, कामाला तीच लागतात.

भोगीपासून मागं मोजा

या सगळ्या लेखातला हा भाग नीट केला तर बाकीचं निम्मं आपोआप होतं.

पेरणीपासून साधारण 90 ते 100 दिवसांत शाळू हुरड्याला येतो. पण थंडी कमी-जास्त झाली की आठवडाभर मागं-पुढं होतो, आणि एकदा हुरड्यावर आला की हातात मोजून आठ-दहा दिवस असतात. एकाच दिवशी सगळं पेरलं आणि त्या रविवारी दाणा कडक निघाला तर काय करणार? म्हणून पेरणी तीन टप्प्यांत करा. आम्ही पहिला तुकडा 28 सप्टेंबरच्या आसपास टोकतो, दुसरा 5 ऑक्टोबरला, तिसरा 12 ऑक्टोबरला. 95 दिवस मोजले तर पहिला 1 जानेवारीला, दुसरा 8 ला, तिसरा 15 ला तयार होतो. भोगीचा रविवार कुठंही पडो, एक तुकडा तरी नखाला बरोबर उतरतो. परतीच्या पावसानं रान ओलं असेल तर वाफसा आल्याशिवाय, म्हणजे पाणी जिरून माती भुसभुशीत झाल्याशिवाय, टोकू नका, दोन-चार दिवस पुढं गेलं तरी चालतं.

जागा किती लागते याची लोकांना उगाच धास्ती असते. 45 सेंटिमीटरवर ओळ आणि ओळीत 15 सेंटिमीटरवर ताट, या हिशेबानं एका गुंठ्यात साधारण 1,500 ताटं बसतात. माणशी तीन कणसं धरली, साठ माणसं धरली, तर लागतात 180. म्हणजे गुंठाभर रान तीन तुकड्यांत वाटलं तरी प्रत्येक तुकड्यात साडेचारशेच्या वर ताटं येतात. एवढी जास्त कशाला? चिमण्या आणि पोपटांसाठी. शहराच्या मधे शाळूचा एवढासा तुकडा असला की आसपासची सगळी पाखरं तिथंच उतरतात. दाणा भरायला लागला की सकाळ-संध्याकाळ राखण लावा. आमच्याकडं सुट्टीतली पोरं पत्र्याचा डबा वाजवत बसतात, आणि त्यांना ते काम भयंकर आवडतं.

वाण खास हुरड्याचा घ्या. सुरती, गुळभेंडी ही जुनी नावं आहेत, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले उत्तरा हाही हुरड्यासाठीच काढलेला वाण आहे. मालदांडीचा हुरडाही होतो, पण दाणा कणसातून सुटायला चिवट, आणि पोरांचे हात लवकर दुखतात.

बाकीच्या भाज्या अशाच मागं मोजायच्या. वांग्याचं तरू गणपतीच्या दिवसांत टाकलं की ऑक्टोबरच्या मध्यावर रोपं लावायला येतात आणि डिसेंबरअखेर तोडा सुरू होतो. गाजर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि उगवल्यावर विरळणी विसरू नका, नाहीतर भोगीला हातात शेपट्या येतात. हरभरा ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे घाटे हिरवे मिळतात. पावटा बांधाच्या कडेला श्रावणातच टोकलेला असावा. मेथीला महिना पुरतो, ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरली की झालं.

माणसं किती

दुसऱ्या वर्षी आम्ही ग्रुपवर मोकळं आमंत्रण टाकलं आणि 140 माणसं आली. कुणाचीच चूक नव्हती, सगळे प्रेमानं आले होते. संध्याकाळी बघितलं तर मेथीचे दोन वाफे जमिनीला चिकटलेले, कांद्याची नुकती लागण तुडवलेली, आणि निम्म्या लोकांच्या वाट्याला हुरडा मूठभरही आलेला नाही. हुरडा गरम खायचा असतो. एका आगटीभोवती पंधरा माणसं, यापेक्षा जास्त झाली की शेवटच्याला गार मिळतो.

तेव्हापासून 30 गुंठ्यांना 60 माणसं हा आकडा आम्ही मोडलेला नाही. तुमचं रान दहा गुंठ्यांचं असेल तर वीस-पंचवीसच बोलवा. जास्त घरं असतील तर दोन रविवार करा, तीन तुकड्यांची पेरणी तिथंही कामी येते. आणि पहिली यादी करताना शेजारी आधी लिहा: भिंतीपलीकडचं अपार्टमेंट, गोठ्याचे मामा, कोपऱ्यावरचा किराणावाला. धूर त्यांच्या घरात जाणार, गाड्या त्यांच्या दारात लागणार. एक दिवस आधी कुणीतरी स्वतः जाऊन सांगायचं, ‘काकू, उद्या सकाळी कपडे जरा उशिरा वाळत घाला, आणि सगळ्यांना घेऊन या.’ एवढ्यानं वर्षभराची कुरबूर मिटते.

आधीच्या महिन्यात उरकायची कामं

पोरं त्या दिवशी वाफ्यातलं गाजर उपटून, पुसून तिथंच खाणार, हे गृहीत धरा. त्यामुळं महिनाभर आधीपासून कसलीही फवारणी नको, जीवामृताची (शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाची) आणि शेणाच्या काल्याचीसुद्धा. कच्चं खायच्या वाफ्यांना तर हंगामभर पूर्ण कुजलेलं खतच घाला, ताजं शेण नको.

पाणी चार-पाच दिवस आधी तोडा, म्हणजे त्या सकाळी रान वाफशावर असेल. ओल्या मातीत पाय पडला की ती दाबली जाते. वाटा दोरी बांधून ठळक करा. कुठल्या वाफ्यात उतरायचं आणि कुठल्या नाही, हे पाटीपेक्षा दोरी चांगलं सांगते.

गाड्या रानात अजिबात नकोत, दुचाकीही नको. जवळच्या शाळेचं किंवा मंगल कार्यालयाचं मैदान मागा, आणि केएमटीचा (शहर बसचा) जवळचा थांबा निरोपात लिहा.

स्वच्छतागृहाचा विषय पुरुष मंडळी नेहमी शेवटी काढतात, आणि मग बायका दुपारी बारालाच घरी निघतात. आम्ही शेजारच्या दोन घरांशी बोलून ठेवतो, तिथं साबण, बादली, टॉवेल आपला नेऊन ठेवतो आणि दिवस संपल्यावर स्वतः धुऊन देतो. तशी सोय नसेल तर फिरतं स्वच्छतागृह भाड्यानं आणा. तीस माणसांमागं एक तरी हवं.

परवानगीचं म्हणाल तर जागा खासगी असेल तर मालकाचं लेखी पत्र फाइलला लावा, महापालिकेची खुली जागा असेल तर महापालिकेचं. माईक लावणार असाल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा आहे. आम्ही माईक लावतच नाही. साठ माणसांना हाक पुरते, आणि हलगी हवीच असेल तर दहा मिनिटं, तीही गोठ्यापासून लांब.

शिधा आणि हिशेब

तिकीट लावू नका असं माझं ठाम मत आहे. पैसे देऊन आलेला माणूस गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईक भांगलत, म्हणजे खुरप्यानं तण काढत, नाही. आमच्याकडं घरटी शिधा ठरलेला असतो. प्रत्येक घरानं तीळ लावलेल्या बाजरीच्या सहा भाकरी फडक्यात बांधून आणायच्या. वीस घरांच्या 120 होतात, म्हणजे माणशी दोन. कुणी एका घरानं सगळ्या करायच्या म्हटल्या तर बारा किलो पीठ लागेल, कारण किलोला दहाच्या आसपास भाकरी उतरतात. ते एका घरावर टाकणं बरोबर नाही. ज्यांना भाकरी जमत नाही ते शेंगदाण्याची चटणी, खर्डा, तीळकूट, लोणी असं काहीतरी आणतात.

ताकाला सहा लिटर दही घ्या, तिप्पट पाण्यानं चोवीस लिटर ताक होतं. गूळ थेट गुऱ्हाळावरून आणा. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला गूळ ऐन हंगामात रस उकळायच्या कायलीजवळ उभं राहून घ्यायला मिळतो, आणि काकवी तिथल्यासारखी बाजारात मिळत नाही. फार पिवळाधमक गूळ मागू नका. नुसत्या रानभेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ जरा काळसरच असतो. पोरांना न्यायची सोय झाली तर आदल्या रविवारी गुऱ्हाळाची फेरी करा.

उरलेल्या खर्चासाठी वर्गणी. शेणी (गोवऱ्या), दही, गूळ, मजुरी, सगळ्याचा हिशेब त्याच आठवड्यात ग्रुपवर आणि रानातल्या फळ्यावर लिहा. शेणी गोठ्यातूनच घ्या. होळीला स्मशानभूमीसाठी शेणी दान करणाऱ्या या शहरात त्या कुठं मिळतात हे सांगायला नको.

भाजी-धान्य शिजवून विकायचा विचार असेल तर अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी आधी करा. शिध्याच्या पंगतीत विक्री कशाचीच नसते, त्यामुळं आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

आगटी

आदल्या संध्याकाळी दोन आगट्या खणा. हातभर लांब-रुंद, वीतभर खोल, आणि काढलेली माती वाऱ्याच्या बाजूला बांधासारखी रचा. दोन्हींमधे किमान वीस पावलं अंतर हवं, म्हणजे माणसांची दाटी होत नाही. जागा निवडताना वर झाडाची फांदी नको, बाजूला कडबा नको, आणि पाचट तर मुळीच नको.

पाचटाचं मुद्दाम सांगतो. पहिल्या वर्षी पायाला मऊ लागावं म्हणून आम्ही वाटेवर उसाचं पाचट अंथरलं होतं, आगटीपासून दहा पावलांवर. कणीस उलटताना ठिणगी उडाली आणि बघता बघता वाट पेटली. पाण्याचं पिंप पलीकडच्या कोपऱ्यात होतं. एका आज्जींनी हातातलं ताकाचं पातेलं सरळ त्यावर ओतलं म्हणून आग पसरली नाही. तेव्हापासून प्रत्येक आगटीशेजारी 200 लिटरचं भरलेलं पिंप, दोन बादल्या आणि चार भिजवलेली पोती असल्याशिवाय काडी ओढायची नाही, आणि वाटांवर पाचट अंथरायचं ते कार्यक्रम झाल्यावर.

एका आगटीला चाळीसेक शेणी लागतात. सकाळी नऊला पेटवा, म्हणजे दहापर्यंत ज्वाळ जाऊन लाल निखारा राहील. ज्वाळेवर कणीस घातलं तर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. कणसं त्याच सकाळी कापलेली हवीत. रात्री कापून ठेवली तर दाण्याची गोडी उतरते. देठाकडून धरता येईल एवढा दांडा ठेवून कापा, एका वेळी आठ-दहा कणसं निखाऱ्यात खोचा, वरून थोडी गरम राख ओढा आणि फिरवत राहा. दाणा हिरवट-सोनेरी झाला आणि भाजक्या धान्याचा वास आला की बाहेर काढा. पाच-सात मिनिटांचं काम, पण नजर हलवायची नाही.

मग चोळायचं. कणीस झटकून राख पाडा, जाड सुती फडक्यात किंवा पोत्यावर धरून दोन्ही तळव्यांत चोळा. दाणे गळून पडतात, आणि त्याबरोबर कूसही, म्हणजे दाण्याभोवतीची टोचरी तुसं. ती सुपात पाखडून काढल्याशिवाय ताटात देऊ नका, घशात अडकली की लहान मुलं खोकून बेजार होतात. पाखडलेला गरम हुरडा द्रोणात, त्यावर शेंगदाण्याची चटणी, बाजूला गुळाचा खडा आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा. पहिला घास घेताना माणसं गप्प होतात, दरवर्षी.

आगटीजवळ भाजणारे फक्त दोघं असावेत, लांब चिमटा आणि सुती कपड्यातले. ओढणी, पदर खोचलेला हवा, नायलॉनची साडी किंवा जाकीट घालून कुणी जवळ यायचं नाही. पोरांसाठी पाच पावलांवर दोरी. दम्याचा त्रास असलेल्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा. आणि शेंगदाणा कुणाला चालत नाही का, हे निरोपातच विचारून ठेवा.

तो दिवस

आठला सगळे हजर. आठ ते दहा काम, आणि हे दोन तास आमंत्रणाचाच भाग असल्याचं आधी सांगून ठेवलेलं असतं. एक गट गाजर-मेथी काढतो, एक कांद्याचा वाफा भांगलतो, एक वांगी-पावटा तोडून निवडतो. पहिल्यांदा आलेल्या माणसाला खुरपं देताना शेजारी जाणता माणूस बसवा, नाहीतर तणाबरोबर कांदाही जातो. म्हाताऱ्या माणसांना सावलीत पावटा सोलायला द्या. त्या घोळक्यात जी गाणी आणि ओव्या निघतात त्या पुन्हा कुठं ऐकायला मिळणार नाहीत.

दहा ते बारा हुरडा, पंधरा-पंधराच्या चार घाण्यांत. दोन आगट्या असल्या की कुणाला अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबावं लागत नाही. पंगत साडेबाराला. भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, खर्डा, ताक, शेवटी आजरा घनसाळचा भात आणि दही. बसायला पोती, वाढायला केळीची पानं आणि पळसाच्या पत्रावळ्या. चंदेरी कागदाच्या प्लेटा स्वस्त पडतात, पण खताच्या खड्ड्यात त्या वर्षभर तशाच राहतात. पाणी माणशी दोन लिटर पिण्याचं, आणि हात धुवायला वेगळं. मातीत काम करून आलेल्यांना साबण लावल्याशिवाय पानावर बसू देऊ नका. तीनला सगळं आवरलेलं हवं, जानेवारीतली संध्याकाळ लवकर उतरते.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. आठवड्यातून दोनदा आमच्याकडं तिघी काकी भांगलायला येतात. हे रान खरं तर त्यांच्या हातावर उभं आहे. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना हुरड्याच्या दिवशी बोलावलं आणि चुलीपुढं बसवलं. साठ माणसं खाऊन उठली तेव्हा त्या शेवटी, उरलेल्यावर बसल्या. एकीनं जाताना सहज म्हटलं, ‘बरं झालं, तुमचा सण झाला.’ ‘तुमचा’ हा शब्द मला आजही टोचतो. आता त्या दिवसाची मजुरी त्यांना आदल्या दिवशीच पोचते, त्या घरच्यांना घेऊन येतात आणि पहिल्या पंगतीला बसतात. वाढायला आम्ही. कणीस नखानं बघायचं कसं हे नव्या पोरांना त्याच शिकवतात, आणि मन असेल तेव्हाच. कुठल्याही रानात हा कार्यक्रम करणार असाल तर यादीतलं हे कलम सगळ्यात वर लिहा.

जपायच्या दोन गोष्टी

शाळूचं कोवळं ताट आणि कापणीनंतर बुडातून येणारे फुटवे यांत जनावराला मारणारं विष असतं. शेतकरी त्याला किराळ लागणं म्हणतात. पोरं प्रेमानं मूठभर कोवळा पाला शेळीपुढं धरतात, त्यांना आधीच बजावून ठेवा. शेळी-गायीला घालायला वेगळी वैरण काढून ठेवली की प्रश्न मिटतो. पंगतीतला उरलेला भात आणि भाकरीही ढिगानं गोठ्यात टाकू नका, पोट फुगून जनावर दगावू शकतं.

दुसरं सापाचं. थंडीत सकाळी साप ऊन खायला बांधावर येतात. आदल्या दिवशी वाटांकडचं गवत कापा, दगड-विटांचे ढीग हलवा, आणि अनवाणी कुणी फिरू नका. चावलाच तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढा, अंग हलू न देता 108 ला फोन करा किंवा थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या. गाडी कुणाची आणि चालवणार कोण, हे सकाळीच ठरलेलं असावं.

वर्षातले बाकीचे छोटे दिवस

हुरड्याएवढं मोठं दुसरं काही करू नका, रानाला आणि माणसांना दोघांनाही दम लागतो. छोटे दिवस मात्र करा.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बियाण्यांची देवाणघेवाण. वेलांची आळी करायचा हाच काळ. प्रत्येक पुडीवर पिकाचं नाव, कुठल्या घरचं, कुठल्या महिन्यात धरलं हे लिहिलेलं हवं. घेवडा, चवळी, वांगं, टोमॅटो यांचं बी घरी धरायला सोपं. भोपळा, काकडी, दोडका यांच्यात शेजारच्या जातीचा संकर होतो, त्यामुळं ते जपून. संकरित वाणाचं बी पुन्हा तसंच उगवत नाही, ते आणू नका. आदल्या आठवड्यात शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सत्तरच्या वर उगवले तर वाटायला योग्य.

26 जूनला शाहू जयंतीला झाड लावायचं असेल तर एकच लावा, आणि पुढचा उन्हाळाभर पाणी घालणाऱ्या घराचं नाव त्याच दिवशी ठरवा.

बेंदूर आमच्याकडं दोन: ज्येष्ठात कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्रीय. पाऊस असतो, म्हणून पंधरा-वीस पोरं, शेडमधे, चिखलाचे बैल. रानातलीच माती चाळून एक दिवस भिजवून ठेवली की शिंगं मोडत नाहीत.

घटस्थापनेला रानातली माती आणि धान्य घरोघर द्या, आणि दसऱ्यानंतर घटाची माती व उगवण परत खताच्या खड्ड्यात आणायला सांगा. गणपतीचं निर्माल्यही तसंच, दोरा-प्लॅस्टिक काढून. पंचगंगा आणि रंकाळ्यावरचा तेवढा भार कमी होतो.

कोजागरी रानात करू नका. गवत ओलं, अंधार, साप. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून म्हशीचं दूध आणा आणि शेजारच्या गच्चीवर आटवा.

दुसऱ्या दिवशी

सकाळी सहा जणं तरी येतील असं आधीच ठरवा. आगटीत पाणी ओतून राख हातानं चाचपून बघा, आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. गार झालेली राख वांग्याच्या वाफ्यात फेका. पानं, साली, चोथा, कणसांच्या उरलेल्या काड्या खड्ड्यात थरानं घाला, एका ओल्या थराला दोन सुके थर आणि वर शेणाचा काला. गुढीपाडव्यानंतर ते खत हाताशी येतं. तुडवलेल्या जागा खुरप्यानं मोकळ्या करा. उरलेला कडबा गोठ्यात पोचवा, आणि बुडखे उपटून टाका म्हणजे फुटवे यायचा प्रश्न राहत नाही.

एक काम मात्र आदल्या आठवड्यातच केलेलं असावं लागतं. तिन्ही तुकड्यांतून भरदार, टपोऱ्या दाण्याची वीस कणसं निवडा आणि देठाला तांबडा दोरा बांधा. कार्यक्रमाच्या दिवशी ती कुणी कापायची नाहीत, कितीही मोह झाला तरी. त्यांच्यावर जुनी साडी फाडून तिच्या पिशव्या चढवल्या की पाखरंही लांब राहतात. फेब्रुवारीअखेर दाणा दगडासारखा टणक झाला की कापा, चार दिवस उन्हात वाळवा आणि जुडी बांधून शेडच्या आढ्याला, चुलीचा धूर लागेल अशा जागी टांगा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खाली काढायची.